वृद्धाश्रमाची पारख

(श्रींच्या वार्षिक उत्सवप्रसंगी सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उत्सवाच्या मंगल प्रसंगी वृद्धाश्रमासारखा विषय व्याख्यानास निवडावा, हे काहींना रुचणार नाही. परंतु या सभामंडपात नजर फिरविली तर पांढऱ्या केसांची संख्या काळ्या केसांहून कमी भरेल असे वाटत नाही. २०११ च्या जनगणनेत साठ व त्याहून अधिक वयाच्या माणसांचे प्रमाण देशात शेकडा ८.६ होते. गोव्यात ते ११.२ होते आणि सर्व राज्यांत केरळच्या खालोखाल होते. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे, आणि घरच्या विषयाची चर्चा घरच्या माणसांत होणे युक्तच होय.

आपल्यापैकी पुष्कळ घरांतले आजचे चित्र असे आहे. चौक, ओटी आणि माजघर असलेले वडिलोपार्जित घर. त्यात ऐंशीच्या घरातील एकटी आई, किंवा आई-वडील दोघेच. एक मुलगा मुंबईस, दुसरा आखातात, मुलगी बंगळुरास. दिवसा एक बाई कामाला येते आणि दिवेलागणीस आपल्या घरी जाते. एके पहाटे न्हाणीत पाय घसरतो, मांडीचे हाड मोडते. चवथीच्या रजेत सर्व मुले एकत्र जमतात आणि परतीचे विमान गाठण्यापूर्वी आठ दिवसांत आईचे पुढे काय, हे ठरवावयाचे असते. अशा घाईत कोणी ओळखीचा एखाद्या वृद्धाश्रमाचे नाव सुचवितो. मुले अर्धा तास तेथे जातात, स्वागतकक्ष पाहतात, बाग पाहतात, अनामत भरतात आणि मोकळी होतात.

मुलीसाठी स्थळ पाहताना हेच कुटुंब किती खोल चौकशी करते! घराणे कसे, स्वभाव कसे, शेजारी काय म्हणतात, कर्ज आहे काय, हे सारे चार ठिकाणांहून पडताळून घेतले जाते. आईला आयुष्याचा शेवटचा काळ जेथे काढावयाचा, त्या ठिकाणाची मात्र अर्ध्या तासात पारख होते. याचे कारण निष्ठुरपणा हे नव्हे, लाज हे आहे. लोक काय म्हणतील या धास्तीने गोष्ट गुप्त राखली जाते. गुप्त राखावयाची म्हणून कोणास विचारले जात नाही, आणि विचारले जात नाही म्हणून पारख होत नाही. लाज मुलांना वाटते, तिची किंमत मात्र आईला मोजावी लागते.

वस्तुतः कुटुंबाबाहेर वृद्धांची व्यवस्था होणे ही नवलाई नाही. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या दानातून उभे राहिलेले निराधारगृह एकोणिसाव्या शतकातील आहे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत उभी राहिलेली प्रोव्हेदोरिया आजही सरकारी संस्था म्हणून अनेक वृद्धाश्रम चालविते. धर्मादाय आश्रमांच्या जोडीला आता भरपूर शुल्क घेणारी निवासस्थानेही निघाली आहेत. तेव्हा वृद्धाश्रम चांगला की वाईट, असा सरसकट प्रश्न व्यर्थ आहे. समोरचा हा विशिष्ट आश्रम कसा आहे, एवढेच पाहावयाचे असते, आणि ते कसे पाहावे याचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिला प्रश्न रात्रीचा असावा. दिवसा सर्वत्र माणसे असतात, हसतमुख व्यवस्थापक असतो. रात्री दोन वाजता कोण जागे असते? किती वृद्धांमागे किती सेवक असतात? त्यांत प्रशिक्षित परिचारिका आहे काय? खाटेजवळ घंटा आहे काय, ती वाजते काय, आणि वाजविल्यावर किती वेळाने कोणी येते? ही घंटा पाहुण्यांनी स्वतः वाजवून पाहावी. यात संकोच मानण्याचे कारण नाही. जो आश्रम यावर रुष्ट होतो, त्याचे उत्तर तेथेच मिळाले.

दुसरा प्रश्न पडण्याचा. वृद्धास अपघात बहुधा रस्त्यावर होत नाही, तो खाट आणि न्हाणी यांमधील दहा पावलांत होतो. म्हणून न्हाणीत शिरून पाहावे. जमीन ओली आणि गुळगुळीत आहे काय, बसण्याउठण्यास आधार म्हणून भिंतीत पक्का दांडा बसविला आहे काय, उंबरठा आडवा येतो काय, चाकांची खुर्ची दारातून आत जाते काय, रात्री मंद दिवा असतो काय? गोव्यात चार महिने पाऊस असतो. व्हरांड्यात पागोळ्यांचे पाणी येत असेल तर ते जून महिन्यातच दिसेल, डिसेंबरात नव्हे. वीज गेल्यावर दिवे आणि उद्वाहन कशावर चालतात, हेही विचारून घ्यावे.

तिसरा प्रश्न नोंदींचा, आणि महाजनांना तो उत्तम समजेल. श्रींच्या दागिन्यांची यादी असते, ताबा देताघेताना सह्या होतात, जमाखर्च सभेपुढे ठेवला जातो. ही पद्धत कोणावर अविश्वास म्हणून नव्हे, तर सर्वांचा विश्वास टिकावा म्हणून आहे. ज्या आश्रमात जिवंत माणसे सांभाळावयाची, तेथे यापेक्षा कमी कसे चालेल? गेल्या वर्षी किती जण पडले, किती जणांना इस्पितळात न्यावे लागले, किती तक्रारी आल्या आणि त्यांचे काय झाले, हे विचारावे आणि वही पाहावयास मागावी. इतरांची खाजगी माहिती त्यांनी झाकून ठेवावी, तारखा व आकडे दाखवावेत. “आमच्याकडे वर्षात एकही वृद्ध पडला नाही” असे उत्तर आले तर हुरळून जाऊ नये. पन्नास वृद्ध राहतात तेथे कोणी ना कोणी पडतेच. कोणी पडले नसेल, तर एक तर कोणास चालूच दिले जात नाही, किंवा नोंद ठेवली जात नाही. पडल्याची नोंद आणि त्यानंतर काय सुधारले, हे दाखविणारा आश्रम अधिक विश्वासार्ह होय.

चौथा प्रश्न अंथरुणास खिळलेल्यांचा. आज आई चालती असली तरी उद्याचा विचार आजच करावयास हवा. ज्याला स्वतः कूस पालटता येत नाही, त्यास साधारणतः दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. न वळविल्यास टाचा आणि कंबरेखालच्या भागावर शय्याव्रण होतात. असे व्रण किती जणांना आहेत, हे विचारावे. औषधाचा तक्ता प्रत्येकाचा वेगळा हवा, वेळ आणि देणाऱ्याची सही त्यावर हवी. दुपारी चार वाजता सारे वृद्ध झोपेतच दिसले, तर त्यांना शांत ठेवण्यासाठी काही दिले जाते की काय, अशी शंका घेऊन वैद्याकडून खुलासा मागावा. दरमहा वजन घेतले जाते काय, हा प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु उत्तम छापलेल्या भोजनपत्रिकेपेक्षा वजनाचा तक्ता खरे सांगतो. दात नसलेल्या तोंडाला कडक चपाती वाढून ती उचलून नेणे, याला जेवण दिले असे म्हणत नाहीत.

पाचवा प्रश्न आगीचा आणि इस्पितळाचा. १ जानेवारी २०२३ रोजी पहाटे दिल्लीच्या ग्रेटर कैलास भागातील वृद्धांच्या एका निवासस्थानास आग लागून दोन वृद्ध स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. वस्ती श्रीमंत असली म्हणून आग टळत नाही. अग्निशामक नळकांड्यावरील तारीख वाचावी. बाहेर पडावयास दोन वाटा आहेत काय, खिडक्यांचे गज उघडतात काय, रात्री दाराला कुलूप असेल तर किल्ली कोणापाशी, हे पाहावे. तसेच बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय असो, मडगाव वा म्हापसा येथील जिल्हा इस्पितळ असो, तेथवर पोचण्यास किती वेळ लागतो आणि १०८ ची रुग्णवाहिका आवारात वळू शकते काय, हे स्वतः वाहनाने जाऊन पाहावे.

एवढे झाल्यावर मग सोयीसुविधांकडे वळावे. बाग, वाचनालय, दूरचित्रवाणी, वातानुकूलित खोली या गोष्टी चांगल्याच. परंतु त्यांनी वरील प्रश्नांची जागा घेऊ नये. सुविधांत एक गोष्ट मात्र फार मोलाची आहे, ती म्हणजे भाषा. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या मागाहून शिकलेल्या भाषा पुष्कळदा आधी जातात आणि आईची भाषा शेवटपर्यंत राहते. “पेज जाय” हे शब्द ज्याला कळतात असा एक तरी सेवक नसेल, तर संगमरवरी फरशीचा काय उपयोग? सकाळचे वर्तमानपत्र, सोमवारचा शिवराक, संध्याकाळचे भजन, बलकांवात बसून बोलावयास कोणी सोबती, यांना पत्रकात स्थान नसते; आयुष्य मात्र यांवरच चालते.

भेट एकदाच देऊ नये. एकदा कळवून जावे, दोनदा न कळविता. एकदा जेवणाच्या वेळी, एकदा रविवारी सायंकाळी. तेथील वृद्धांशी व्यवस्थापकाच्या गैरहजेरीत बोलावे. त्यांची नखे, कपडे, चष्म्याच्या काचा पाहाव्यात. आणि ज्यास राहावयाचे त्यास बरोबर न्यावे. शक्य असेल तर हातपाय धड असतानाच महिनाभर राहून पाहावे आणि मग त्या व्यक्तीनेच होय वा नाही म्हणावे. आईच्या पश्चात आईचा निर्णय घेणे, ही आपल्या घरांतील जुनी खोड आहे.

कागदाविषयी थोडेसे. अनामत कधी व किती परत मिळते, आजार लांबल्यास वा स्मृती गेल्यास आश्रम ठेवून घेतो की घेऊन जा म्हणतो, इस्पितळाचा खर्च कोणाचा, हे करारात लिहिलेले हवे. शुल्क घेऊन घरे विकणाऱ्या निवृत्तिनिवासांसाठी केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. ती वाचून प्रश्न काढावेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्यान्वये मुलांवरील पालनाचे दायित्व आश्रमात ठेवल्याने संपत नाही, आणि वृद्धास पूर्णतः टाकून देण्याच्या हेतूने कोठे सोडून जाणे हा गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या २३ व्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास परत मागता येते. ती अट दानपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी. घाईच्या त्या आठ दिवसांत वडिलांकडून कोणत्याही कागदावर सही घेऊ नये, हे सर्वात उत्तम. मदतीसाठी १४५६७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. तो प्रत्येक वृद्धापाशी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

आता शेवटची गोष्ट, आणि ती थोडी कडू आहे. हेच पाचही प्रश्न आपल्या स्वतःच्या घरास विचारून पाहावेत. रात्री दोन वाजता आईच्या हाकेस कोण येते? न्हाणीत दांडा आहे काय? तिचे वजन शेवटचे केव्हा पाहिले? औषधे तिला वेळेवर कोण देतो? घराला आग लागल्यास बाहेरच्या दाराचा अडसर तिच्याने निघेल काय? पुष्कळ प्रतिष्ठित घरे या परीक्षेत नापास होतील, आणि एखादा साधा आश्रम उत्तीर्ण होईल. काही ठिकाणी दोनशे रुपयांचा दिवा, भिंतीतला एक दांडा आणि रात्रीची एक विश्वासू सोबत एवढ्यानेच आईला घर सोडावे लागणार नाही. ज्या घरी ते शक्य नाही, त्या घराने पारखून निवडलेल्या आश्रमाची लाज बाळगू नये. लाज बाळगावी ती तेथे ठेवून पुन्हा तोंड न दाखविण्याची.

देवस्थानाने या कामी इमारत बांधावी असे सुचविण्याचा हेतू नाही. कुळावीची वही आपल्याकडे आहेच. तिला चार पाने जोडून एकटे राहणारे आणि आश्रमात राहणारे वृद्ध महाजन कोण, याची नोंद करावी. आणि दर तीन महिन्यांनी दोघांनी, त्यांत एक स्त्री असावी, न कळविता त्यांना भेटून यावे. कोणी विचारपूस करावयास येते हे ज्या आश्रमास ठाऊक असते, तेथे घंटेला लवकर उत्तर मिळते. पुढच्या उत्सवापूर्वी ही चार पाने भरली जावीत, एवढीच या सभेस विनंती. श्री सर्वांचे कल्याण करो.