चानी परत का येईल? ‘ड्यून’वरून आमच्या घरात झालेलं भांडण

आजच्या भागात स्पॉयलरच स्पॉयलर आहेत, आधीच सांगून ठेवतो. ‘ड्यून’चे दोन्ही भाग पाहिले नसतील तर इथेच पॉज करा, पाहून या, मी कुठे जात नाही. आणि ज्यांना सायन्स फिक्शन म्हणजे नुसती स्पेसशिप आणि लेझर वाटतं त्यांनी मात्र थांबा. आज स्पेसशिप फार येणार नाहीत. सातबारा येणार आहे.

तर झालं असं. 2024 च्या मार्चमध्ये ‘ड्यून पार्ट टू’ लागला. मी वर्क फ्रॉम होम, वाशिमलाच होतो. मी, माझी मोठी चुलत बहीण म्हणजे ताई, आणि रिसोडचा एक मित्र असे तिघे नागपूरला पिक्चर बघायला गेलो. लोक म्हणाले, एका पिक्चरसाठी नागपूर? पण समृद्धी झाल्यापासून अंतर किलोमीटरमध्ये मोजायची सवयच गेली आपली. 166 मिनिटांचा पिक्चर पाहिला, बाहेर तर्री पोहे खाल्ले आणि रात्री परत निघालो. गाडी मी चालवत होतो. वर्धा मागे पडायच्या आत भांडण सुरू झालं आणि शेलूबाजारला समृद्धीवरून खाली उतरलो तरी चालूच होतं.

विषय एकच. शेवटी चानी निघून जाते, ते बरोबर की चूक?

ज्यांनी फक्त पिक्चर पाहिलाय त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. फ्रँक हर्बर्टची कादंबरी 1965 ची. तिच्यावर 1984 मध्ये डेव्हिड लिंचने सिनेमा काढला, तो काही चालला नाही. 2000 मध्ये टीव्हीवर मालिका आली. मग डेनिस व्हिलनव्हने सगळं पहिल्यापासून मांडलं, 2021 ला पहिला भाग आणि 2024 ला दुसरा. म्हणजे गोष्ट तीच, पण दर वेळी कुणीतरी नव्याने सांगतंय. आणि नव्याने सांगताना कुणाला काय बोलू द्यायचं, कुणाला गप्प बसवायचं, हे तोच ठरवतो.

पुस्तकातली चानी पॉलवर प्रेम करते आणि त्याच्यावर विश्वासही ठेवते. दोन-अडीच वर्षं जातात, त्यांना एक मुलगा होतो. तो लहानगा सम्राटाच्या सैनिकांच्या हल्ल्यात मारला जातो, आणि पॉलला ते ऐन लढाईच्या धामधुमीत कळतं. शेवटी पॉल गादीसाठी राजकन्या इरुलानशी लग्न ठरवतो. चानीला तो शब्द देतो की त्या बाईला माझ्याकडून लग्नाच्या नावापलीकडे काहीही मिळणार नाही. आणि पॉलची आई जेसिका, जी स्वतः आयुष्यभर ड्यूकची लग्नाशिवायची बाई म्हणून राहिली, ती चानीची समजूत काढते. तिचं म्हणणं असं की राजकन्या नावापुरतीच राहील, आणि मागून येणारे लोक बायको म्हणून ओळखतील ते आपल्यासारख्यांना. पुस्तक तिथेच संपतं. चानी ते ऐकून घेते.

पिक्चरमधली चानी ऐकून घेत नाही. तिला मुळात ती भविष्यवाणीच मान्य नाही. बाहेरच्यांनी आपल्या लोकांना ताब्यात ठेवायला पेरलेली गोष्ट आहे ही, असं ती तोंडावर सांगते. पॉल विष पिऊन पडतो तेव्हा जेसिका ‘व्हॉइस’ वापरून तिच्याकडून जबरदस्तीने त्याला उठवून घेते. म्हणजे ज्या भाकितावर तिचा विश्वास नाही त्यातलाच एक भाग तिला करून टाकतात. तो उठल्यावर ती त्याला सणसणीत कानाखाली देते. थिएटरमध्ये आमच्या मागच्या रांगेतून शिट्टी आली होती तेव्हा. आणि शेवटी सगळे गुडघ्यावर, ही एकटी उभी, आणि मग वाळवंटात जाऊन वाळूचा किडा बोलावते.

मी पुस्तकवाला. बीटेकच्या थर्ड इयरला होस्टेलवर पीडीएफ वाचलेली, तीही मोबाइलवर, डोळे फोडून. त्यामुळे गाडीत माझं म्हणणं असं होतं की दिग्दर्शकाने मुख्य नातंच मोडलं. कोड रिफॅक्टर करणं वेगळं, चालू फंक्शनचा रिटर्न टाइपच बदलणं वेगळं. पुढच्या पुस्तकात चानी त्याच्यासोबत आहे, तिच्या पोटी जुळी जन्मणार आहेत. त्या जुळ्यांवर पुढची सगळी गोष्ट उभी आहे. आता ही बाई निघून गेली तर पुढचं सगळं क्रॅश.

मित्र म्हणाला, तू टेस्टर आहेस का? (हसतो) त्याचा मुद्दा मात्र चांगला होता. हर्बर्टला पॉल हीरो म्हणून लिहायचाच नव्हता. ती तारणहारांपासून सावध राहा सांगणारी गोष्ट होती. वाचकांनी उलट पॉललाच डोक्यावर घेतलं, म्हणून त्याला 1969 मध्ये ‘ड्यून मसाया’ लिहावं लागलं. व्हिलनव्हने मुलाखतींमध्ये हेच सांगितलंय, की तो इशारा पहिल्याच गोष्टीत दिसावा म्हणून त्याने चानी बदलली. प्रेक्षकाच्या बाजूने शंका विचारणारं कुणीतरी पडद्यावर हवं होतं, ते काम तिला दिलं. इथे मी हरलो, हे मान्य करतो. पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही पॉलच्याच बाजूने होतो. विसाव्या वर्षी कोण नसतो?

पण माझी एक तक्रार अजूनही आहे, आणि ती कुणी फारशी काढत नाही. पुस्तकात चानी लिएट काइन्सची मुलगी आहे. काइन्स म्हणजे त्या ग्रहाचा पर्यावरण शास्त्रज्ञ. त्याच्या बापाने, पार्डट काइन्सने हिशोब केलेला असतो की हे वाळवंट हिरवं करायला 300 ते 500 वर्षं लागतील. फ्रेमेन लोक ते ऐकतात आणि कामाला लागतात! आपल्या हयातीत एक झाड दिसणार नाही हे माहीत असून दवाचा थेंब थेंब साठवतात. चानी त्या घरातली तिसरी पिढी. पिक्चरमध्ये काइन्स बाई आहे, छान काम केलंय तिने, पण तिचं आणि चानीचं नातंच कापून टाकलं. म्हणजे चानीला अविश्वास दिला आणि तिचा वारसा काढून घेतला. ती कशाच्या विरोधात आहे ते कळतं, कशासाठी लढते ते नीट कळत नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे जास्त लागतं, असं मला वाटतं. फ्रेमेन लोकांच्या एका गुहेतलं पाणी पुस्तकात 3 कोटी 80 लाख डेकालिटर सांगितलंय. मी बसून गणित केलं. 38 कोटी लिटर, म्हणजे पेपरात धरणांचे आकडे येतात तसं म्हटलं तर 0.38 दलघमी. आपला एकबुर्जी काही मोठा प्रकल्प नाही, मध्यमच आहे, तोही याच्या कितीतरी पट. आणि तेवढ्या पाण्यासमोर ते लोक देवळात उभं राहावं तसे उभे असतात. मे महिन्यात आठ दिवसांआड नळ आल्यावर ड्रम, बादल्या, पातेली, कळशा, सगळं भरून ठेवणाऱ्या माणसाला तो सीन समजावून सांगावा लागत नाही.

बरं, ताई. ताई एवढा वेळ गप्प होती. कारंजा गेल्यावर ती एकच बोलली, “अरे, तुम्ही दोघं मघापासून ती दिग्दर्शकाला कशी उपयोगी पडली हेच बोलताय. ती थांबली असती तर तिला काय मिळालं असतं, ते सांगा ना.”

मी म्हटलं, प्रेम. खरं प्रेम तर तिच्यावरच होतं ना त्याचं.

ताई म्हणाली, “हिडिंबेवर नव्हतं भीमाचं?”

गाडीत शांतता. आपल्याकडे हे रीबूट प्रकरण नवीन नाहीच, ते तिने तिथल्या तिथे दाखवून दिलं. महाभारत आपण कितीदा नव्याने सांगितलंय. शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाला बोलू दिलं, आणि अर्ध्या महाराष्ट्राला कर्ण आपला वाटायला लागला. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये विदुर हाच धर्मराजाचा बाप असावा अशी शक्यता मांडली. आजच्या भाषेत ती फॅन थिअरीच, फक्त पुराव्यासकट. त्यावर लोक अजून वाद घालतात. पण हिडिंबा? भीम जंगलात तिच्याबरोबर राहिला, मुलगा झाला, पांडव पुढे निघून गेले. मग एकदम युद्धात घटोत्कच हवा म्हणून आठवण. तो कर्णाची शक्ती अंगावर घेऊन मेला, अर्जुन वाचला, कृष्णाला आनंद झाला. हस्तिनापूरच्या राण्यांमध्ये हिडिंबेचं नाव कुणी घेत नाही. पुस्तकातली चानी आणि तिचा तो मारला गेलेला मुलगा आठवा. मला तरी त्या रात्री अंगावर काटा आला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आजीला हीच स्टोरी सांगत बसली. आजी लसूण सोलत होती. तिला ग्रह-बिग्रह काही सांगितलं नाही, एवढंच की एक परका पोरगा वाळवंटातल्या लोकांत येतो, तिथली पोरगी त्याला चालायला, पाणी वाचवायला, लढायला शिकवते, आणि राज्य मिळायची वेळ आली की तो राजाच्या पोरीशी लग्न लावतो. आजीने विचारलं, “मंग हिचं नाव कुठी लागलं?”

मी जेसिकाचा मुद्दा सांगितला. नाव नाही आजी, पण पुढे लोक हिलाच बायको म्हणतील.

आजी हसली. म्हणाली, “कोन म्हनते, बाप्पा? तुले तुह्या पंजीचं नाव मालूम हाये काय?”

मला माहीत होतं. म्हणजे मला वाटत होतं की माहीत आहे. मी सांगितलं. आजी म्हणाली, ते थोरलीचं. तू ज्या रक्ताचा, ती धाकटी.

तर आमच्या पणजोबांच्या दोन बायका होत्या. 1955 च्या कायद्याच्या आधीची गोष्ट, तेव्हा असं चालायचं. थोरली चांगल्या घरची, तिच्या माहेरामुळे गावात वजन आलं. धाकटी वावरात राबली. आमची जी विहीर आहे तिचे दगड तिने डोक्यावर वाहिलेत, असं आजी सांगते. माझे आजोबा तिच्या पोटचे. पणजोबा गेले, वारस लागले. थोरलीचं नाव चढलं, मुलांची नावं चढली, धाकटीचं नाही चढलं. का नाही, ते सांगणारं आता कुणी उरलं नाही. मागच्या वर्षी पीककर्जासाठी मीच महाभूमीवरून सातबारा डाउनलोड केला होता. एकेक नाव तपासलं होतं, स्पेलिंगच्या चुकांसकट. जे नावच नाही त्याची चूक कशी दिसणार? जुना फेरफार काढून पाहिला, हाताने लिहिलेला. त्यातही नाही. फोटो थोरलीचा आहे, बैठकीत लावलेला. लहानपणापासून दर पितृपक्षात मी त्याच फोटोला हार घालत आलोय.

आणि मी आदल्या रात्री समृद्धीवर मोठ्या तावातावाने सांगत होतो की चानीने थांबायला हवं होतं, कारण इतिहास तिला न्याय देणार आहे. ताई माझ्याकडे बघतही नव्हती. तिला ही गोष्ट आधीपासून माहीत होती. घरातल्या बायकांना सगळ्यांनाच माहीत होती.

धाकटीचं नाव मी आजीला विचारलं. तिने सांगितलं, ते मी लिहून ठेवलंय. इथे सांगत नाही, घरचं आहे.

आता तुमच्यासाठी प्रश्न. तिसरा भाग येतोय, 18 डिसेंबर 2026 ही तारीख जाहीर झाली आहे, आणि तो ‘ड्यून मसाया’वर आहे. त्या पुस्तकात चानी राजवाड्यात आहे. इरुलान तिला मूल होऊ नये म्हणून चोरून औषध देते, आणि पुढे जुळ्यांना जन्म देताना चानी मरते. म्हणजे किड्यावर बसून निघून गेलेल्या बाईला दिग्दर्शकाला परत आणावंच लागणार. कसं आणणार? मित्राचं मत, पॉल माफी मागेल. मला ते पटत नाही, पॉल तोवर देव झालेला आहे, देव कुठे माफी मागतात. ताईचं मत, ती परत यायलाच नको, पुस्तक बदला. सरळ.

आजीला विचारलं. ती लसणाची टरफलं गोळा करत होती. म्हणाली, “गेली हाये तं येईन ना. मान्सासाठी नाई येत कोनी. तिथी तिचं पानी हाये, वावर हाये, थे काय त्या राजाच्या पोरीच्या भरवशावर सोडन?”

म्हणजे काइन्सची मुलगी. पिक्चरने कापून टाकलेलं नातं आजीने दोन मिनिटांत परत जोडलं, आणि तिने ना पुस्तक वाचलंय ना पिक्चर पाहिलाय. मला तर वाटतं व्हिलनव्हला परतीचा हाच एक रस्ता शिल्लक आहे. तुमच्याकडे दुसरा असेल तर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत, आणि कृपा करून गाडी चालवत रेकॉर्ड करू नका, मागच्या वेळी नुसता वाराच ऐकू आला होता.

डिसेंबरमध्ये पुन्हा नागपूर. या वेळी ताई म्हणतेय आजीला पण नेऊ. आजीची अट एकच, संध्याकाळचा शो नको, गुडघे धरतात.