वाळू, नळी आणि विमानाची शेपटी

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया'त आलं, तेव्हापासून हा किडा माझ्या डोक्यात आहे. माझ्या आराखड्यात शेपटी म्हणजे पातळ ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट, वर कापड.

नळी वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते, आणि मध्येच ती चपटी होते. म्हणून आत वाळू ठासतात. मी पूर्णगडचा, वाळू काय, दारातच! किनाऱ्यावरची भरली. वाक सुरेख आला. फॅब्रिकेशनवाल्या काकांना दाखवली तर म्हणाले, "अरे, आत मीठ राहिलं ना!" खरंच की. खारी ओल आतून धातू खाते, बाहेरून कळतही नाही. आणि तीच रडरची कड होणार होती! ऑफिसात बग निघाला की जुनं व्हर्जन परत टाकतो. इथे नळी थेट भंगारात.

दुसऱ्या वेळी वाळू चाळली, गोड्या पाण्यात धुतली, तव्यावर कोरडी भाजली. साचा हव्या त्या गोलाईपेक्षा जरा लहान घेतला, कारण सोडल्यावर नळी थोडी उलगडते. यावेळी जमलं. आईचा तवा मात्र अजून परत केलेला नाही.