किल्ली मुलांच्या हाती



बालकुमार साहित्य संमेलनाच्या निमित्ताने तुम्ही रत्नागिरीत आलात. स्वागत समितीच्या वतीने मी तुमचं मनापासून स्वागत करते. वाचणाऱ्यांचं हे गाव जुनं आहे. १८२८ साली इथे सुरू झालेलं ग्रंथालय जिल्हा नगर वाचनालय म्हणून आजही पुस्तकांची देवघेव करतं. केशवसुतांचं मालगुंड इथून जवळ, साने गुरुजींचं पालगड याच जिल्ह्यातलं. तेव्हा परक्या ठिकाणी आलोय असं कुणी मानू नये.

स्वागताध्यक्षाने थोडक्यात आवरावं, ही रीत मला ठाऊक आहे. पण इतके लेखक एका मांडवात पुन्हा कधी भेटणार? म्हणून एक मागणं मांडते. बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी गोष्टी लिहा.

लहानग्यांसाठी मराठीत आज देखणी पुस्तकं निघतात. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं घरात असलेली मुलं अक्षरओळख होण्याआधीच वाचक होतात, हे मी पाहिलं आहे. तीच मुलं सातवी-आठवीत गेली की वाचनालयात दिसेनाशी होतात. क्लास, परीक्षा, मोबाइल ही कारणं खरीच आहेत. पण देवघेवीच्या टेबलाशी बसणाऱ्या आम्हा मंडळींना आणखी एक कारण दिसतं. मुलगी येते, बालविभागातलं कपाट तिने संपवलेलं असतं. ‘‘आता काय वाचू?’’ असं ती विचारते. आम्ही तिला ‘स्वामी’ देतो, ‘मृत्युंजय’ देतो. काही मुली त्यात रमतात. बाकीच्या पुस्तक परत करतात आणि पुढच्या महिन्यात त्यांचे पालक अनामत परत न्यायला येतात. मधल्या चार वर्षांचं कपाट आपण पुरेसं भरलेलंच नाही.

ते कसं भरायचं, हे आपल्याच लेखकांनी दाखवून ठेवलं आहे. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. संस्कारांचं पुस्तक म्हणून आपण ती इतकी मिरवली की त्यातला मुलगा नीट बघायचाच राहिला. हा श्याम पाण्याला घाबरतो. पोरं पोहायला निघाली की घरात लपून बसतो आणि आई शिंपटी घेऊन त्याला बाहेर काढते. पुढे एका रात्री तो आपण केलेल्या चोरीची गोष्ट सांगतो. गुरुजींनी यातलं काही झाकलं नाही. हा आपल्यातलाच आहे, असा भरवसा वाचणाऱ्या मुलाला आधी वाटतो, म्हणून तो आईचं बोलणं पुढे ऐकून घेतो. कुमारांसाठी लिहिताना मुलगा आधी उभा करा. बोध यायचा असेल तर त्याच्या मागून येईल.

भा. रा. भागवतांनी तेच दुसऱ्या वाटेने केलं. फुरसुंगीचा हडकुळा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो, नको तिथे नाक खुपसतो आणि गुंता स्वतःच्या डोक्याने सोडवतो. ऐन वेळी एखादा काका येऊन सगळं निस्तरील, याची तो वाट पाहत बसत नाही. मुलांच्या अकलेवर एवढा विश्वास टाकणारा लेखक मला फार मोठा वाटतो.

आणि प्रकाश नारायण संतांचा लंपन! त्याच्या कथा मोठ्यांच्या पुस्तकांत मोडतात, भाषा बेळगावकडची, कानडी वळणाची. मुलांना ती जड जाईल असं आपल्याला वाटतं. नववीच्या वर्गात एखादी कथा मोठ्याने वाचून बघा. हसायचं कुठे आणि गप्प व्हायचं कुठे, हे मुलांना बरोबर कळतं. मग आमच्या संगमेश्वरी बोलीला, कोकणी मुसलमानांच्या घरातल्या बोलीला, मिरकरवाड्याच्या बंदरावर वाढणाऱ्या पोरांच्या बोलण्याला कुमार कादंबरीत जागा का नसावी?

विषयांना तर इथे तोटा नाही. २२ जुलै २०२१ला चिपळूण पाण्याखाली गेलं. १८६४ साली स्थापन झालेल्या तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं भिजून लगदा झाली. वरच्या मजल्यावर, माळ्यावर बसून ज्या लहान मुलांनी जिन्याच्या पायऱ्या एकेक करून बुडताना पाहिल्या, ती आज नेमकी या वयात आहेत. त्यांनी काय पाहिलं, नंतर वडिलांचं दुकान कसं उभं राहिलं किंवा राहिलंच नाही, ही गोष्ट त्यांना वाचायला मिळाली पाहिजे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, तेव्हा नौकेवर जाणाऱ्या बापाच्या घरात काय चालतं, हेही लिहा. मुलं हे सगळं जगतात. वाचायला जड जाईल, या काळजीने आपणच हात आखडता घेतो.

आता वाचनालयं आणि शाळा चालवणाऱ्यांशी थोडं. १९६७च्या ग्रंथालय कायद्याच्या आधाराने गावोगाव वाचनालयं उभी राहिली, शाळांनाही पुस्तकं मिळाली. पण कितीतरी ठिकाणी कपाटाला कुलूप असतं, कारण हरवलेल्या पुस्तकाची भरपाई कुणी करायची हा घोर शिक्षकाला असतो. त्या शिक्षकाला दोष देऊ नका. ग्रंथखरेदीच्या अंदाजपत्रकातच फाटणाऱ्या आणि हरवणाऱ्या पुस्तकांसाठी तरतूद ठेवा, संस्थेने तसं लेखी द्या आणि किल्ली मुलांकडे सोपवा. नोंदवही त्यांनाच लिहू द्या. खरेदीची यादी करायला दोन मुलं बोलवा. ती आपल्याला न सुचलेली नावं सांगतील, ती घ्या. पैशांची अडचण असेल तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. तिथून सुरुवात करता येईल.

जेवणाची सोय शेजारच्या मांडवात आहे. पुस्तकांची दालनं संध्याकाळपर्यंत उघडी राहतील आणि पहिला तास फक्त मुलांसाठी राखून ठेवला आहे. दुपारच्या सत्रात मुलंच लेखकांना प्रश्न विचारतील, सूत्रसंचालनही तीच करतील. मोठ्यांनी त्या वेळी मागच्या खुर्च्यांवर बसावं आणि लेखकांनी प्रत्येक प्रश्नाला पूर्ण उत्तर द्यावं, ही विनंती. आता उद्घाटकांनी आणि संमेलनाध्यक्षांनी दीपप्रज्वलनासाठी पुढे यावं.