दहा अक्षरांचा हजेरीपट



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो बोनस, महागाई भत्ता, नाही तर संप यांवर बोलणार, असा श्रोत्यांचा समज असतो, आणि बहुधा तो खराही ठरतो. आज आम्ही निराळा विषय घेतला आहे. लिनक्स नावाची जी मुक्त संगणकप्रणाली आहे, तिच्यात माहिती साठवण्याच्या जागेची व्यवस्था कशी लावतात, आणि त्या जागेची प्रकृती सांगणारी दहा अक्षरांची एक ओळ कशी वाचावी, एवढाच तो विषय. आम्ही कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. जे शिकलो ते माहितीपत्रे वाचून आणि जाणत्यांना विचारून शिकलो. तेव्हा परिभाषेचा बडेजाव आमच्याकडून होणार नाही, ही आपली एक सोयच म्हणावयाची.

हा विषय आपल्या कामाचा कसा, हे आधी सांगितले पाहिजे. पतपेढीची खाती, दवाखान्याचे केसपेपर, शाळेचे दाखले, कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब, हे सारे आता संगणकात गेले आहे. पूर्वी दप्तर कपाटात असे. कपाटाला वाळवी लागली तर भुसा खाली पडे आणि शिपायालाही तो दिसे. आता दप्तर डिस्कवर आहे आणि तिथली वाळवी आवाज करीत नाही. परंतु तिची खूण एका ठिकाणी उमटते. ते ठिकाण ज्याला वाचता येते त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही.

मुक्त प्रणाली म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. ज्याची आज्ञावली कोणालाही वाचता यावी, वापरता यावी, दुरुस्त करता यावी आणि दुसऱ्याला देता यावी, असे संगणकाचे सर्व साहित्य तयार करावयाचे, हा त्यांचा संकल्प होता. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. आणि १९९८ साली हाइन्झ माउएल्सहागेन यांनी त्या लिनक्ससाठी लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर, म्हणजे एलव्हीएम, लिहिला. आजचे आपले काम या एलव्हीएमशी आहे.

समजा, संगणकाला तीन डिस्का जोडल्या आहेत. जुन्या पद्धतीत प्रत्येक डिस्कला कुंपणे घालून तिचे भाग पाडीत. एक भाग भरला आणि शेजारचा रिकामा राहिला, तरी कुंपण हलवणे जिकिरीचे होई. एलव्हीएम तिन्ही डिस्का एका सामाईक कोठारात जमा करतो. या कोठाराला व्हॉल्यूम ग्रुप म्हणतात. कोठारातील जागेचे सारख्या मापाचे तुकडे पाडलेले असतात. त्यांना एक्स्टेंट म्हणतात, आणि तुकड्याचे नेहमीचे माप ४ मेबीबाइट असते. या तुकड्यांतून लागेल तेवढे मोजून जो भाग वापरायला देतात, तो लॉजिकल व्हॉल्यूम. १०० गिबीबाइटांचा व्हॉल्यूम म्हणजे असे २५,६०० तुकडे. हे तुकडे एकाच डिस्कवरचे असतील किंवा तीन डिस्कांवर विखुरलेले असतील. वापरणाऱ्याला ते एकसंध दिसतात, आणि उद्या जागा कमी पडली तर कोठारातून आणखी तुकडे देता येतात.

सोय मोठी आहे, पण तिच्यामुळे एक पडदाही आला. वरून एकसंध दिसणाऱ्या व्हॉल्यूमच्या मागे काय चालले आहे, हे नुसते बघून कळत नाही. ते कळावे म्हणून एलव्हीएस नावाची आज्ञा आहे. ती दिली की प्रत्येक व्हॉल्यूमचे नाव, गट आणि आकार छापला जातो, आणि त्यांच्यामध्ये दहा अक्षरांची एक जागा असते. ज्या घरात सांगण्यासारखे काही नाही तिथे आडवी रेघ असते. गिरणीच्या हजेरीपटाची ज्यांना माहिती आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. कामगाराचे नाव, आणि पुढे घरांत एकेक खूण: हजर, रजा, बदली. खूण कळली तर महिन्याचा सारा इतिहास कळतो. न कळणाऱ्याला मात्र तो नुसता ठिपक्यांचा कागद.

निरोगी, साध्या व्हॉल्यूमची ओळ कशी असते? रेघ, डब्ल्यू, आय, रेघ, ए, ओ, आणि पुढे चार रेघा. आता एकेक घर घेऊ. लहान आणि मोठे अक्षर यांचा अर्थ वेगळा असतो, एवढे ध्यानात ठेवा.

पहिले घर जात सांगते. साध्या व्हॉल्यूमला रेघ. मूळ व्हॉल्यूमला, म्हणजे ज्याची छबी काढलेली आहे त्याला, लहान ओ. आणि त्या छबीला लहान एस. अनेक डिस्कांवर रेड पद्धतीने मांडलेल्याला लहान आर. पातळ कोठीला लहान टी आणि त्या कोठीतून दिलेल्या पातळ व्हॉल्यूमला मोठा व्ही. या पातळपणाविषयी पुढे बोलावयाचे आहेच.

दुसरे घर परवानगीचे. डब्ल्यू असेल तर लिहिता येते, आर असेल तर फक्त वाचता येते. तिसरे घर तुकडे कुठून द्यावयाचे या धोरणाचे. बहुतेक ठिकाणी तिथे आय असतो. जे धोरण गटाचे तेच आपले, असा त्याचा अर्थ. चौथे घर बहुधा रिकामेच असते. उपकरणाला कायमचा क्रमांक दिला असेल तरच तिथे एम येतो.

पाचवे घर स्थितीचे. लहान ए म्हणजे व्हॉल्यूम कामावर हजर आहे. रेघ म्हणजे तो जागा केलेला नाही. लहान एस म्हणजे तात्पुरता थांबवलेला. सहावे घर सांगते की कोणी तो उघडून वापरीत आहे की नाही. वापरात असेल तर लहान ओ. व्हॉल्यूम पुसून टाकण्यापूर्वी हे घर अवश्य पाहावे. सातवे घर तो व्हॉल्यूम कोणत्या यंत्रणेच्या हाताखाली चालतो ते सांगते. म्हणून मूळ आणि त्याची छबी यांची पहिली घरे वेगळी असली, तरी सातव्या घरात दोघांनाही एस असतो. आठव्या घरात झेड असेल तर नवा दिलेला तुकडा वापरण्यापूर्वी शून्यांनी पुसून घेतला जातो. एकाची जुनी अक्षरे दुसऱ्याच्या हाती लागू नयेत, यासाठी ही पाटी पुसणे. नववे घर प्रकृतीचे. दहाव्यात के असेल तर व्हॉल्यूम आपोआप जागा होत नाही, मुद्दाम सांगून जागा करावा लागतो. पातळ छब्यांना ही खूण सुरुवातीपासूनच असते. ती पाहून छबी बिघडली असे समजू नये.

आता पाचव्या घरातल्या एका अक्षरापाशी थांबू, कारण त्याचा आम्हाला प्रत्यक्ष अनुभव आहे. कामगारांच्या एका पतपेढीचे खातेपुस्तक अशाच संगणकावर होते. देखभाल एका ठेकेदाराकडे होती. हिशेबाची नवी आज्ञावली बसवण्याच्या आधी त्याच्या माणसाने व्हॉल्यूमची छबी काढली आणि सभासदांना सांगितले, ‘काही बिघडले तर आदल्या दिवसावर परत नेऊ, निर्धास्त राहा.’ आठवड्याने व्याजाचे आकडे जमेनात. त्याने पुन्हा तेच आश्वासन दिले. आम्ही म्हटले, आधी हजेरीपट दाखवा. ओळ छापली गेली. छबीच्या पाचव्या घरात लहान ए नव्हता, मोठा आय होता. मोठा आय म्हणजे छबी निकामी झाली.

ती निकामी का झाली? जुन्या पद्धतीची छबी म्हणजे संपूर्ण नक्कल नव्हे. मूळ व्हॉल्यूममधला एखादा भाग प्रथमच बदलावयाची वेळ आली की त्या भागाचा जुना मजकूर आधी छबीच्या राखीव जागेत उतरवून ठेवतात आणि मग मूळ बदलतात. जे बदललेच नाही ते छबीतही मुळातूनच वाचले जाते. बदल वाढत जातात तशी राखीव जागा भरत जाते. ती शंभर टक्के भरली की पुढचा जुना मजकूर ठेवायला ठाव उरत नाही, आणि सगळीच छबी रद्द होते. मूळ व्हॉल्यूमला धक्का लागत नाही, पण मागे जाण्याची वाट बंद होते. राखीव जागा आपोआप वाढवण्याची सोय एलव्हीएममध्ये आहे. तिची मर्यादा मुळात शंभर टक्क्यांवर लावलेली असते, आणि त्याचा अर्थ ती सोय बंद आहे असा होतो. कोणी मुद्दाम चालू करावी तरच ती चालते. ती कोणी चालू केलेली नव्हती.

पतपेढीचे खातेपुस्तक शेवटी वेगळ्या डिस्कवर ठेवलेल्या संपूर्ण नकलेवरून आणि सभासदांच्या पासबुकांवरून उभे करावे लागले. तीन रविवार त्यात गेले. यातून सर्वांनी एक धडा घ्यावा. छबी ही त्याच कोठारात राहते, मूळ डिस्कच गेली तर तीही जाते. तिला सुरक्षित नक्कल म्हणू नये. नक्कल ती, जी दुसऱ्या ठिकाणी असते आणि जिच्यावरून दप्तर पुन्हा उभे करून पाहिलेले असते.

आता पातळ कोठीकडे वळू. साध्या व्हॉल्यूमला १०० गिबीबाइट दिले की तेवढे तुकडे त्याच्या नावावर लागतात, तो वापरो न वापरो. पातळ पद्धतीत तसे नाही. कोठीत प्रत्यक्ष जागा १०० असताना चार खात्यांना पन्नास-पन्नास, म्हणजे एकूण २०० कबूल करता येतात. ज्याला जेव्हा लागेल तेव्हा त्याला तुकडा द्यावयाचा. सगळे एकदम मागणार नाहीत, हा हिशेब. पद्धत वाईट नाही. पुष्कळ जागा निष्कारण अडकून पडत नाही. पण आमचे सारे आयुष्य कबूल केलेले आणि हातात पडलेले यांतला फरक मोजण्यात गेले आहे. करारावर आकडा असतो आणि पगाराच्या पाकिटात आकडा असतो. घर चालते ते दुसऱ्या आकड्यावर. पातळ व्हॉल्यूमच्या नावापुढे पन्नास लिहिलेले असते, ते कबूल केलेले पन्नास होत. कोठी किती टक्के भरली हा आकडा एलव्हीएस वेगळ्या रकान्यात छापते. रोज पाहावयाचा तो आकडा.

तो न पाहता कोठी भरली तर काय होते? कोठीच्या नवव्या घरात मोठा डी येतो. लिहावयाला आलेला मजकूर काही वेळ, नेहमीच्या व्यवस्थेत ६० सेकंद, ताटकळत ठेवला जातो. तेवढ्यात जागा वाढली नाही तर लिहिणे फसते. चारही खाती आपापल्या पन्नासांत सुखी होती, तरी चारही एकदम अडतात. याहून वाईट म्हणजे कोणता तुकडा कोणाचा याची नोंदवही, तिची जागा संपणे. त्यासाठी निराळा टक्का छापला जातो. नोंदवही बिघडून फक्त वाचण्यापुरती उरली तर नवव्या घरात मोठा एम, आणि कोठीच निकामी झाली तर मोठा एफ.

याच नवव्या घरात लहान पी आला तर व्हॉल्यूमची एखादी डिस्क बेपत्ता आहे असे समजावे. रेड पद्धतीने दोन डिस्कांवर सारखा मजकूर असेल तर एक गेली तरी काम चालूच राहते. धोका इथेच आहे. पाळीवरचे दोन माणसांचे काम एकटा ओढू लागला की वरच्यांना वाटते, सारे ठीक आहे. तोही आजारी पडला की मग धावाधाव. पी दिसताच नवी डिस्क घालून दुरुस्ती केली पाहिजे. लहान आर म्हणजे अडखळून परत आलेली डिस्क ताजी करून घ्यावी लागेल. लहान एम म्हणजे दोन प्रतींत मेळ नाही.

ही दहा अक्षरे पाठ करा, असे आमचे म्हणणे नाही. माहितीपत्र संगणकातच असते, पाहिजे तेव्हा उघडता येते. आणि नव्या आवृत्त्यांत हीच प्रकृती पूर्ण इंग्रजी शब्दांतही मागता येते. आमचे मागणे एवढेच, की ज्या संस्थेचे दप्तर अशा संगणकावर आहे, तिच्या कार्यकारी मंडळातल्या निदान दोघांनी आठवड्यातून एकदा ही ओळ छापून घ्यावी, पाचवे आणि नववे घर पाहावे, कोठीचे दोन टक्के पाहावेत, आणि तो कागद तारीख घालून फाइलला लावावा. याला पाच मिनिटे लागतात. मुक्त प्रणालीने आपल्यापासून काही लपवलेले नाही. ठेकेदार ठेवू नये असेही आम्ही म्हणत नाही, त्याच्याकडे कसब असते आणि कसबाचे दाम दिलेच पाहिजे. पण कामगाराने घाम गाळून साठवलेल्या पैशाचा हिशेब ठीक आहे की नाही, हे ‘निर्धास्त राहा’ या दोन शब्दांवरून ठरवावयाचे नसते. ते त्या ओळीवरून ठरवावे.