मधले बिऱ्हाड



न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून महाराष्ट्रात वसंत आला की विद्वानांनी बोलावे आणि लोकांनी ऐकावे, अशी चाल पडली आहे. आम्ही विद्वानांपैकी नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कारखान्यांच्या दरवाजांवर, मजूर न्यायालयाच्या बाकांवर आणि रात्री जागून वाचलेल्या पुस्तकांत झाले. म्हणून विषयही आमच्या आवाक्यातलाच निवडला आहे. जुने घर विकले किंवा द्यावे लागले, नवे अजून उभे राहिले नाही, आणि मधले दिवस भाड्याच्या खोलीत काढायचे आहेत. त्या मधल्या बिऱ्हाडाविषयी आज बोलायचे आहे.

कोणी म्हणेल, ह्यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे? चार दिवस खोली घ्यायची, घर झाले की सोडायची. पण कामगार चळवळीत आम्ही एक गोष्ट पक्की शिकलो. तंटा सुरू झाल्यापासून निकाल लागेपर्यंत जो काळ जातो, त्या काळातच कामगार खचतो. निकाल त्याच्या बाजूने लागला तरी तोवर बायकोचे दागिने मोडलेले असतात, मुलाचे शिक्षण थांबलेले असते. म्हणून शहाणा संघटक मूळ मागणीबरोबरच अंतरिम मदतीची मागणी करतो. मधला काळ मालकाला फुकट आणि कामगाराला महाग पडतो, हे ज्याला कळले त्याला अर्धी चळवळ कळली. घराच्या व्यवहाराचेही अगदी तसेच आहे.

आपल्या डहाणू-तलासरीत हा प्रश्न आज घरोघर का आला, ते आधी पाहू. मालगाड्यांच्या स्वतंत्र रेल्वेमार्गाला जमीन लागली. मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्गाला लागली. मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वे 508 किलोमीटरची. तिचा महाराष्ट्रातला भाग सुमारे 156 किलोमीटरचा, आणि ती आपल्या दोन्ही तालुक्यांतून जाते. वाढवणच्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने 19 जून 2024 रोजी मंजुरी दिली. बंदर समुद्रात भराव टाकून व्हायचे असले तरी त्याचे रस्ते आणि रूळ जमिनीवरूनच जाणार. शिवाय 2013 साली मुंबईची लोकल डहाणूरोडपर्यंत आली, आणि स्टेशनाजवळच्या खोल्यांना गिऱ्हाईक वाढले. म्हणजे घरे सोडणारेही वाढले आणि खोल्या शोधणारेही वाढले.

दुसऱ्या बाजूला, नवे घर बांधायला जागा मिळणे इथे सोपे नाही. केंद्र सरकारच्या 20 जून 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुक्यात जमिनीच्या वापरावर मर्यादा घातल्या आहेत. चिकूच्या वाड्या आणि जंगल राखायचे तर त्या हव्यातच, आमची त्याबद्दल तक्रार नाही. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि तिच्यामागे शासनाची मान्यता लागते. 1974 च्या दुरुस्तीने हा बंदोबस्त केला नसता, तर तलासरीची जमीन केव्हाच परक्याच्या नावावर गेली असती. पण ह्या साऱ्याचा अर्थ इतकाच की पैसे हातात आले म्हणून दुसऱ्या दिवशी जागा मिळत नाही. शोधावी लागते, कागद तपासावे लागतात, परवानग्या घ्याव्या लागतात. 'घर पाहावे बांधून' असे वडीलधारी माणसे म्हणत, ते उगीच नव्हे.

आता भाड्याची खोली म्हणजे काय, हे नीट समजून घेऊ. शहरातला नोकरदार एक खोली सोडून दुसरीत गेला, तर त्याचे कपाट आणि पलंग हलतो. पाड्यावरच्या माणसाचे घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. कुडाच्या भिंतीला लागून गोठा असतो, पुढे खळे असते, आत भाताची कणगी असते, मागे दोन आंबे आणि भाजीचा वाफा असतो, अंगणात कोंबड्या असतात. तलासरी नाक्यावरच्या दहा बाय बाराच्या खोलीत ह्यातले काय मावणार? बैल विकावे लागतात. कणगी जाते, म्हणून तांदूळ विकत आणावा लागतो. जळण पाड्यावर रानातून येत होते, त्याच्या जागी गॅसची टाकी येते. खोलीचे भाडे चार हजार असेल, पण तिच्यात राहण्याची किंमत चार हजार नसते, फार जास्त असते.

ह्याचा हिशेब मांडू. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतो, तुम्ही आपापले घाला. समजा, घर-अंगणाचे सहा लाख रुपये आले. खोलीचे भाडे महिना चार हजार. दोन वर्षांचे झाले शहाण्णव हजार. दलालाचे एका महिन्याचे भाडे चार हजार. सामान दोनदा हलवायचे वीस हजार. एकूण एक लाख वीस हजार, म्हणजे घराचा पाचवा हिस्सा. सहा लाखांवर सहा टक्क्यांनी सरळ व्याज धरले तर दोन वर्षांत बहात्तर हजार येतील. खर्च वजा जाता हातात राहिले पाच लाख बावन्न हजार. इकडे, जे घर पहिल्या दिवशी सहा लाखांत मिळत होते, त्याची किंमत वर्षाला दहा टक्क्यांनी वाढली तर दोन वर्षांनी ते सात लाख सव्वीस हजारांचे होते. म्हणजे पावणेदोन लाखांची तूट पडली. ह्या माणसाने एक पैसा उधळलेला नाही, दारूला शिवलेला नाही, कोणी त्याला फसवलेले नाही. तो फक्त थांबला. लोक म्हणतात, 'आदिवासीच्या हातात पैसा टिकत नाही.' मित्रहो, असा पैसा कोणाच्याच हातात टिकत नाही! हा माणसाचा दोष नव्हे, मधल्या काळाचा आहे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, घराची किंमत ठरवताना मधल्या भाड्याचा आकडा त्याच बैठकीत काढा. घेणारा म्हणतो, 'भाव बोला.' आपण भाव बोलतो आणि उठतो. तसे उठू नका. ताबा कधी द्यायचा, हे साठेखतात तारखेनिशी लिहून घ्या. सहा महिन्यांनी ताबा देण्याची मुदत मिळाली, तर सहा महिन्यांचे भाडे वाचले. किमतीचा काही भाग ताब्याच्या दिवशी घ्यायचा, असेही लिहिता येते. परवानगी लागणारा व्यवहार असेल, तर परवानगीचा कागद हातात पडल्यावाचून घर सोडू नका. नवी जागा मिळाली की तिथे आधी एकच खोली उभी करा आणि तिच्यात राहायला जा. बाकीचे घर पुढे वाढेल. आपल्या आजोबांनी घरे अशीच वाढवली.

दुसरी गोष्ट, खोली कागदावर घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा आहे. त्याच्या पंचावन्नाव्या कलमाप्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार अकरा महिन्यांचा असला म्हणजे नोंदणी लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, आणि ते खोटे पाडण्याचा भार मालकावर येतो. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर खोली सोडली नाही, तर दुप्पट भाड्याची जबाबदारी येते. म्हणून मुदत ठरवताना घर 'होईलसे वाटते' ती तारीख धरू नका. पावसाळा मध्ये पकडून ती धरा. जूनमध्ये पाया भरता येत नाही, हे इथे कोणाला सांगायला नको. अनामत किती आणि केव्हा परत मिळायची, वीज कोणी भरायची, हेही लिहा. आणि 2018 च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या परिसराला जे भूकंपाचे धक्के बसत आले, ते आठवून खोलीच्या भिंतींना तडे आहेत का, ते आधी पाहा. त्या दिवसांत लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या आहेत.

तिसरी गोष्ट, आपले नाव सांभाळा. भिलाड-उंबरगावच्या कारखान्यांजवळ खोली घ्यावी, असे तरुणांना वाटते. पण तिथे राज्य बदलते, कायदा बदलतो, मुलांची मराठी शाळा सुटते. पेसा कायद्याने 1996 साली अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला जमिनीच्या प्रश्नात आवाज दिला. त्या ग्रामसभेत बसण्याचा हक्क मतदारयादीतल्या नावावर उभा आहे. बिऱ्हाड हलले की यादीतले नाव हलते, आणि ज्याची जमीन गेली तोच सभेबाहेर राहतो. जुना सातबारा, फेरफार, संपादनाचा दाखला ह्यांच्या नकला पेटीच्या तळाशी जपून ठेवा. उद्या शेतजमीन घेताना 'तुम्ही शेतकरी कशावरून?' असा प्रश्न येतो. पैसा बँकेत नवरा-बायको दोघांच्या नावे ठेवा, रोजच्या खर्चाच्या खात्यात नको.

इथवर घरच्या गोष्टी झाल्या. पण संघटकाने नुसते 'काळजी घ्या' म्हणून थांबायचे नसते. आता मागणीकडे येतो.

भूसंपादनाचा 2013 चा कायदा अडतिसाव्या कलमात स्पष्ट सांगतो की, पुनर्वसनाचे काम सर्व अंगांनी पूर्ण झाल्यावाचून कुटुंबांना हलवू नये. हे वाक्य सोन्याचे आहे. ते पाळले तर मधले बिऱ्हाड उरतच नाही. पण त्याच कलमात पुनर्वसनातल्या बांधकामाच्या सोयींना निवाड्यापासून अठरा महिने दिले आहेत, आणि दुसऱ्या अनुसूचीत विस्थापित कुटुंबाला निर्वाहासाठी महिना तीन हजार रुपये लिहिले आहेत, तेही एकच वर्ष. सोयींना अठरा महिने आणि चुलीला बारा! मधले सहा महिने कुटुंबाने काय खायचे, ह्याचे उत्तर अनुसूचीत नाही. अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासींना जादा पन्नास हजार आहेत, सामान हलवायला पन्नास हजार आहेत, स्थिर होण्यासाठी एकरकमी पन्नास हजार आहेत. ते मागून घ्या, सोडू नका. पण भाडे म्हणून एक रुपयाही वेगळा लिहिलेला नाही. आणि जो संपादनाची वाट न पाहता खरेदीखताने थेट जमीन देतो, त्याने तर सही करण्याआधी हे सारे त्या कागदात आहे की नाही, हे वाचून घेतलेच पाहिजे.

मुंबईकडे पाहा. तिथे झोपडपट्टीच्या पुनर्विकासात भाडे थकवणाऱ्या बिल्डरांविरुद्ध लोक वर्षानुवर्षे ओरडले. शेवटी 2023 साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने ठरवले की, बिल्डरने दोन वर्षांचे भाडे आगाऊ भरावे आणि पुढच्या वर्षाचे चेक आधी द्यावे. म्हणजे घर पाडणाऱ्याने मधले भाडे द्यायचे, हे तत्त्व सरकारला मान्य आहे. कुर्ल्याच्या झोपडीला जे तत्त्व लागू, ते तलासरीच्या कुडाच्या घराला का लागू नाही? आमची मागणी एवढीच आहे. ज्याच्यासाठी घर सोडायचे, त्याने नव्या घराची किल्ली हातात येईपर्यंतचे भाडे द्यावे, आगाऊ द्यावे, आणि गोठा-कणगीचा खर्च धरून द्यावे. हे दान नव्हे, जुन्या घराच्या किमतीचाच तो भाग आहे.

इथे कोणी विचारील, कायद्यात नाही ते मिळणार कसे? त्याचे उत्तर ह्याच मातीत आहे. 1945 च्या मे महिन्यात झरी गावी वारली मंडळी किसान सभेच्या झेंड्याखाली जमली. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. तेव्हा वेठ चालत होती. लग्नासाठी कर्ज काढणारा लग्नगडी होऊन बायकोसह सावकाराच्या दारी राबत होता. ज्या जमिनीवर राहायचे ती मालकाची, आणि मालकाने 'ऊठ' म्हटले की उठायचे. त्या पिढीचे सारे आयुष्यच मधल्या बिऱ्हाडात गेले, म्हणाना. वेठ बंद करा, ही मागणी तेव्हा कोणत्या मालकाच्या वहीत लिहिलेली होती? ती माणसांनी एकत्र बसून ठरवली, आणि मग ती वहीत आली.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, पण विंचवाला घर बांधायचे नसते. आपल्याला बांधायचे आहे. म्हणून एकेकट्याने व्यवहाराला बसू नका. पाड्यातली पाच-दहा घरे एकाच प्रकल्पासाठी उठत असतील, तर त्यांनी एका कागदावर मागणी लिहावी, एकाच आळीत खोल्या घ्याव्यात आणि नव्या जागाही जवळजवळ शोधाव्यात. शेजार टिकला तर भाड्याच्या खोलीतही पाडा टिकतो.

येत्या ग्रामसभेत हा विषय पत्रिकेवर यावा, एवढे झाले तरी आजची संध्याकाळ वाया गेली नाही असे आम्ही समजू.