भिंत सोलणारा चित्रकार



जुन्या घराच्या भिंतीवरचा पोपडा कधी नखाने उचकटून पाहिलाय? पिवळ्या रंगाखाली निळा निघतो, निळ्याखाली चुना, चुन्याखाली वीट. आज ज्या कलावंताबद्दल बोलायचं आहे, त्याची सगळी कला या पोपड्याखाली आहे.

त्याचं नाव अलेक्झांद्रे फार्तो. भिंतींवर तो ‘व्हिल्स’ अशी सही करायचा आणि जग त्याला त्याच नावाने ओळखतं. जन्म १९८७ सालचा. पोर्तुगालमध्ये, लिस्बनच्या समोर नदीपलीकडे सेशाल आहे, तिथे तो वाढला. १९७४च्या क्रांतीनंतर तिथल्या भिंती राजकीय चित्रांनी भरल्या. पुढे त्यांवर जाहिराती चिकटल्या, जाहिरातींवर पोरांची ग्राफिटी आली. किशोरवयात व्हिल्सही स्प्रेचे डबे घेऊन हिंडला. आपणही या भिंतीवर आणखी एक थरच चढवतोय, हे त्याला जाणवलं, आणि त्याने थर काढायला घेतले.

फोटोतला चेहरा तो मोजक्या छटांत बसवतो, भिंतीवर आखून घेतो आणि मग छिन्नी, हातोडा, ड्रिल चालवतो. कधी सुरुंगही लावतो. गिलाव्याचा पांढुरकेपणा हा त्याचा उजेड. उघडी पडलेली तांबडी वीट ही त्याची सावली.

हे चित्र बघायचं कसं? आधी अगदी जवळ जा. नुसते खड्डे आणि तुटक्या कडा दिसतील, नाक-डोळे काही सापडणार नाहीत. मग वीसेक पावलं मागे या, डोळे किंचित बारीक करा. भिंतीतून माणूस तुमच्याकडे बघत असेल. उन्हं कलली की खाचांत सावली भरते आणि तीच नजर थकलेली वाटू लागते. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. सपाट रंगात तो येत नाही.

आणि माणसं कोण? २०१२ साली रिओ द जानेरोत, मोरो द प्रोव्हिदेन्सिया या टेकडीवरच्या वस्तीत घरं पाडली जात होती. व्हिल्सने तिथल्या विस्थापित रहिवाशांचे चेहरे त्यांच्याच घरांच्या उरल्यासुरल्या भिंतींवर कोरले. ज्याचं घर गेलं, त्याचा चेहरा त्याच घराच्या विटांचा.

त्याच्या कामाचे फोटो तुम्हाला मोबाईलवर सहज मिळतील. बघाल तेव्हा एवढं करा : डोळ्यांवर लगेच जाऊ नका. गालाच्या जागी भिंतीचं काय काय उघडं पडलंय, ते आधी पाहा.