कंपवात आणि पाठीच्या कण्यातील विद्युत्‌प्रवाह
(गडब येथील ज्ञातिमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कंपवाताच्या रोग्याच्या पाठीच्या कण्यात तारा बसवून विजेचा प्रवाह सोडला म्हणजे तो झपझप चालू लागतो, अशी चित्रफीत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ती पाहून, जमिनीच्या भरपाईचे आलेले पैसे वडिलांच्या या शस्त्रक्रियेस लावावेत काय, असे आम्हांस विचारण्यात येते. विचारणाऱ्यांची पितृभक्ती खरी आहे. म्हणूनच उत्तर स्पष्ट दिले पाहिजे.

प्रथम रोगाविषयी. आपले वैद्य ज्यास कंपवात म्हणत आले, त्याचे वर्णन लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली प्रसिद्ध केले. मेंदूच्या खोल भागात डोपामिन नावाचे द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. त्यामुळे हालचाल मंदावते, अंग ताठते व स्वस्थ ठेवलेला हात कापू लागतो. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करताना ज्याचा हात कापतो, परंतु मांडीवर ठेवताच स्थिर होतो, त्याचा विकार बहुधा निराळा असतो आणि औषधही निराळे. पुढे पुढे कंपवाताच्या रोग्याचे पाय उंबरठ्याशी अगर शेताच्या बांधावर वळताना जमिनीस खिळल्यासारखे होतात. घरची माणसे म्हणतात, म्हातारा हट्टी झाला. बिचाऱ्याचा त्यात काहीएक दोष नसतो.

हे पाय खिळणे गोळ्यांना पुष्कळदा दाद देत नाही, आणि त्यासाठीच कण्यातील प्रवाहाचे प्रयोग चालले आहेत. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक तारा बसवितात व त्यांना जोडलेले लहानसे यंत्र कातडीखाली ठेवितात. अमेरिकेत डॉ. नॉर्मन शीली यांनी १९६७ साली हा उपाय प्रथम वेदनेसाठी योजिला, व त्या कामी तो आजही वापरात आहे. कंपवाताकडे तो वळला तो २००९ साली, ड्यूक विद्यापीठातील निकोलेलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांमुळे. नंतर २०२३ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी सुमारे तीस वर्षे पीडित असलेल्या एका फ्रेंच गृहस्थाची चाल पुष्कळ सुधारल्याचे प्रसिद्ध केले. रोगी एकच, हे ध्यानात असावे. इतरत्र थोड्याथोड्या रोग्यांवर प्रयोग झाले. कोणास गुण आला, कोणास नाही. शिवाय प्रवाह चालू असता अंगास झिणझिण्या येतात, त्यामुळे यंत्र चालू आहे हे रोग्यास कळते. मग गुण विजेचा किती आणि आशेचा किती, हे निवडणे कठीण होते. चित्रफितीत हे कोठून दिसणार?

मेंदूत तारा बसविण्याची शस्त्रक्रिया याहून वेगळी आहे. लोक दोहोंची गल्लत करितात. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे डॉ. बेनाबिद यांनी १९८७ साली तिचा प्रारंभ केला, आणि मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी ती अनेक वर्षे केली आहे. निवडक रोग्यांस तिचा लाभ होतो हे सिद्ध झाले आहे. खर्च मात्र कित्येक लाखांचा असतो.

तेव्हा कण्यात तारा बसविण्यासाठी कोणी पैसे मागितले, तर हा सिद्ध उपचार की प्रयोग, असे स्वच्छ विचारावे. प्रयोग असेल तर प्रयोगाचा खर्च रोग्यावर लादू नये, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे. अशा यंत्रापायी आज जमिनीचे पैसे घालू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मज्जाविकारतज्ज्ञांस दाखवून लेव्होडोपाच्या गोळ्या घड्याळाप्रमाणे घ्याव्यात. मासळीसारख्या प्रथिनयुक्त अन्नाबरोबर त्या नीट लागू पडत नाहीत, म्हणून जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास घेणे बरे. खाजकुइलीच्या बियांत हेच द्रव्य असल्याचे मद्रासच्या संशोधकांनी १९३७ साली दाखविले होते. परंतु गोळ्या चालू असता बियांची पूड परस्पर देऊ नये. पाय खिळत असतील तेथे जमिनीवर चुन्याने पावलापावलाच्या अंतराने आडव्या रेघा माराव्यात. त्या ओलांडण्याच्या निमित्ताने पुष्कळांचे पाऊल सुटते. आणि रोग्यास मागून ढकलू नये, तो पडतो.